हिटलर १३ मिनिटांनी वाचला, पण त्या सुताराचं नाव म्युनिकच्या रस्त्यावर यायला ५० वर्षं लागली

जर्मनीतल्या म्युनिक शहरात ट्युर्केनस्ट्रास नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका शाळेच्या भिंतीकडे दिवसा फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण रोज रात्री ९ वाजून २० मिनिटं झाली की त्या भिंतीवर लाल दिव्यांच्या नळ्या पेटतात आणि एक तारीख दिसते, ८ नोव्हेंबर १९३९. एक मिनिट झालं की सगळं विझतं. त्या मिनिटाला जो तिथून जात असेल, त्यालाच हे स्मारक पेटलेलं दिसतं.

ही तारीख गेऑर्ग एल्सर नावाच्या एका सुताराची आहे.

दुसरं महायुद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. एल्सरनं एकट्यानं, कुणालाही न सांगता, हिटलर जिथं भाषण करणार होता तिथल्या खांबात बाँब बसवला. बाँब ठरल्या वेळी फुटलाही. पण हिटलर १३ मिनिटं आधी निघून गेला होता. एल्सर पकडला गेला, साडेपाच वर्षं एकांतवासात राहिला आणि युरोपातलं युद्ध संपायला महिनाभर उरलेला असताना त्याला गोळी घालण्यात आली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच्याच देशानं त्याला ओळख दाखवली नाही. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी हा माणूस कोण होता ते बघावं लागतं.

कोण होता हा एल्सर?

एल्सरचा जन्म ४ जानेवारी १९०३ रोजी दक्षिण जर्मनीतल्या हर्मारिंगेन या गावी झाला. पुढच्याच वर्षी कुटुंब जवळच्या क्योनिग्सब्रॉनला राहायला गेलं. वडील लाकडाचा व्यापार आणि शेती करायचे. त्यांना दारूचं व्यसन होतं आणि त्यापायी घराची पुरती परवड झाली. थोरला मुलगा म्हणून गेऑर्गला लहानपणापासून शेतावर राबावं लागलं.

शाळा सुटल्यावर तो लोखंडाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. तिथली धूळ आणि उष्णता मानवेना, म्हणून त्यानं ते काम सोडलं आणि एका सुताराकडे उमेदवारी धरली. इथं मात्र त्याचा हात बसला. १९२२ मध्ये तो कारागिराची परीक्षा उत्तम रीतीनं पास झाला.

पुढची दहा वर्षं तो काम मिळेल तिथं गेला. बोडेन सरोवराच्या काठी विमान कारखान्यात त्यानं लाकडी पंखे बनवले, कॉन्स्टान्समध्ये घड्याळांच्या कारखान्यात काम केलं, काही काळ सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्येही रोजंदारी केली. लाकूड आणि घड्याळ ही दोन्ही कामं पुढं कशी उपयोगी पडणार आहेत, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

स्वभावानं तो अबोल होता, पण माणूसघाणा नव्हता. झिथर नावाचं तंतुवाद्य तो छान वाजवायचा, गावच्या मंडळात जायचा. राजकारणाच्या सभांमध्ये त्याला रस नव्हता. मत तो कम्युनिस्टांना द्यायचा, तेही मजुराच्या बाजूनं बोलणारे म्हणून. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि सगळीकडे हात उंचावून सलाम सुरू झाले. एल्सरनं तो सलाम कधी केला नाही. रेडिओवर हिटलरचं भाषण लागलं की तो गुपचूप उठून बाहेर जायचा.

साध्या मजुराला काय दिसलं?

एल्सरकडे ना कुठलं पद होतं, ना कुठली गुप्त माहिती. त्याला जे दिसलं ते कुणालाही दिसण्यासारखं होतं.

मजुरी पूर्वीपेक्षा कमी झाली होती आणि कापून जाणारी रक्कम वाढली होती. मनाप्रमाणे नोकरी बदलता येत नव्हती. पोरं आईवडिलांची कमी आणि हिटलरच्या युवक संघटनेची जास्त झाली होती. चर्चवर बंधनं आली होती, आणि एल्सर तर श्रद्धाळू प्रोटेस्टंट होता. १९३६ च्या अखेरीपासून तो हायडेनहाइममधल्या एका कारखान्यात कामाला होता. तिथं दारूगोळ्याचं उत्पादन चालायचं. देश कशाची तयारी करतोय, हे त्याला रोज हाताळायच्या मालावरून कळत होतं.

सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक करार झाला. झेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला मिळाला आणि युरोपनं युद्ध टळलं म्हणून सुटकेचा श्वास सोडला. एल्सरनं नेमका उलटा अर्थ काढला. हा माणूस इथं थांबणार नाही आणि युद्ध होणारच, असं त्याचं ठाम मत झालं. ते टाळायचं असेल तर वरच्या नेत्यांना हटवणं हा एकच मार्ग उरतो, असा निर्णय त्यानं घेतला. मग तो एका सुट्टीच्या सहलीला निघाल्यासारखा म्युनिकला गेला, जागा बघायला.

म्युनिकच का?

इथं थोडं मागं जावं लागेल. ८ नोव्हेंबर १९२३ रोजी हिटलरनं म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या मोठ्या बिअर हॉलमधून सरकार उलथवण्याचा पहिला प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा मोर्चा फेल्डहेर्नहाले या वास्तूपाशी पोलिसांनी अडवला. गोळीबारात त्याच्या बाजूचे म्हणून १६ जण गणले गेले, शिवाय चार पोलीसही मेले. बंड फसलं.

सत्ता आल्यावर हिटलरनं त्या १६ जणांना हुतात्मे केलं. फेल्डहेर्नहालेच्या कडेला स्मारकफलक बसला आणि तिथं पहारा लागला. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्यापुढं हात उंचावून सलाम करायचा, असा दंडक होता. ज्यांना तो करायचा नव्हता, ते आधीच्या वळणावरून व्हिस्कार्डिगासे या मागच्या बोळातून निघून जायचे. कामचुकारांचा बोळ असं त्याचं नाव लोकांत पडलं होतं.

म्हणजे म्युनिकच्या रस्त्यावर स्मारक होतं, पण ते सत्तेचं होतं. कुणापुढं मान झुकवायची, हे ते रोज शिकवत होतं.

त्याच दिवसाची आठवण म्हणून हिटलर दरवर्षी ८ नोव्हेंबरला ब्युर्गरब्रॉयकेलरमध्ये जुन्या साथीदारांपुढं भाषण द्यायचा. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, व्यासपीठ ठरलेलं. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये एल्सरनं हॉल नीट बघून घेतला. व्यासपीठाच्या अगदी मागं एक जाड खांब होता आणि वरच्या गॅलरीचा भार त्याच्यावर होता. सुताराच्या नजरेनं त्यानं ओळखलं, हा खांब गेला की छप्पर खाली येईल.

तीस-पस्तीस रात्री

पुढचं वर्षभर त्यानं तयारी केली. कारखान्यातून थोडी थोडी दारू जमवली. मग मुद्दाम गावाजवळच्या दगडाच्या खाणीत नोकरी धरली आणि सुरुंगाचं सामान मिळवलं. ऑगस्ट १९३९ मध्ये तो म्युनिकला येऊन राहिला. काही काळ तो याच ट्युर्केनस्ट्रासवर भाड्याच्या खोलीत राहत होता. १ सप्टेंबरला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. जे टाळायचं होतं ते सुरू झालं होतं, तरी तो थांबला नाही.

संध्याकाळी तो ब्युर्गरब्रॉयकेलरमध्ये जेवायचा. बंद व्हायच्या आधी गॅलरीतल्या एका अडगळीच्या जागी लपायचा. सगळे गेल्यावर निळा रुमाल गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात, गुडघ्यांवर बसून, तो खांब कोरायचा. खांबाच्या लाकडी आवरणात त्यानं असं दार बसवलं की बंद केल्यावर फट दिसू नये. भुगा आणि विटांचे तुकडे तो गोळा करून बाहेर न्यायचा. अशा तीस ते पस्तीस रात्री गेल्या. गुडघे सुजले, त्यात पू झाला.

एकदा सकाळी तो हॉलमध्ये सापडलाच. मांडीवर गळू झालंय, ते बघायला आडोशाला आलो, अशी थाप मारून त्यानं वेळ मारून नेली.

दोन घड्याळांच्या यंत्रावर चालणारी जुळणी त्यानं स्वतः बनवली होती. सहा दिवस आधी वेळ लावून ठेवता येईल अशी ती होती. टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून आतून बूच बसवलं होतं. वेळ लावली ८ नोव्हेंबर, रात्री ९:२०. सामान बहिणीकडे स्टुटगार्टला ठेवून तो परत म्युनिकला आला, ७ तारखेच्या रात्री पुन्हा हॉलमध्ये शिरला आणि घड्याळ चालू असल्याची खात्री करून घेतली. त्या काळात तो वारंवार चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करत होता. आपण माणसं मारायला निघालोय, याचं ओझं त्याच्यावर होतं.

ती १३ मिनिटं

हिटलर एरवी साडेआठला बोलायला उभा राहायचा आणि दहापर्यंत बोलायचा. त्या वर्षी युद्धामुळं त्याला त्याच रात्री बर्लिनला परतायचं होतं. धुक्यामुळं विमानाचा भरवसा नव्हता, म्हणून तो रेल्वेनं जाणार होता. भाषण आठला सुरू झालं आणि ९ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास संपलं. तो लगेच निघाला. ९:२० ला खांब फुटला आणि छप्पर व्यासपीठावर कोसळलं.

आठ जणांचा जीव गेला. सात नाझी पक्षाचे लोक होते. आठवी व्यक्ती तिथं काम करणारी एक वेट्रेस होती. साठहून अधिक जण जखमी झाले.

एल्सर त्या वेळी आधीच पकडला गेला होता. पावणेनऊच्या सुमारास कॉन्स्टान्समध्ये स्वित्झर्लंडच्या सीमेपासून अगदी थोड्या अंतरावर दोन जकात कर्मचाऱ्यांनी त्याला हटकलं. खिशात पक्कड, काही धातूचे सुटे भाग आणि ब्युर्गरब्रॉयकेलरचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड निघालं. बाँबची बातमी आल्यावर धागे जुळले. म्युनिकला चौकशीत त्याचे गुडघे उघडे करून बघितले गेले. मारहाण झाली. १३ नोव्हेंबरच्या रात्री त्यानं कबुली दिली.

कुणाचाच विश्वास बसला नाही

एका सुतारानं हे सगळं एकट्यानं केलं, हे हिटलरला पटेना. मागं ब्रिटिश गुप्तहेर असणार, असं त्यानं ठरवूनच टाकलं. स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी हॉलंडच्या सीमेवर दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना पळवून आणलं गेलं आणि वर्तमानपत्रांत त्यांची नावं कटाला जोडली गेली. एल्सरकडून सहआरोपींची नावं निघेनात. शेवटी गेस्टापोनं त्याला यंत्र पुन्हा बनवायला लावलं. त्यानं ते बनवून दाखवलं.

त्याच्या आईला आणि भावंडांना अटक करून बर्लिनला नेलं गेलं. क्योनिग्सब्रॉनच्या माणसांच्या चौकशा झाल्या आणि आसपासचे लोक त्या गावाला हल्लेखोरांचं गाव म्हणू लागले.

एल्सरवर खटला कधीच चालला नाही. युद्ध जिंकल्यावर इंग्लंडविरुद्ध मोठा तमाशा उभा करायचा, तोवर हा साक्षीदार जिवंत ठेवायचा, असा बेत होता. साक्सेनहाउजेनच्या छळछावणीत त्याला खास कैदी म्हणून एकटं ठेवलं. पहारा चोवीस तास. त्याला सुतारकामाचा बाक मात्र मिळाला आणि कैदेत त्यानं झिथर बनवलं. १९४५ च्या सुरुवातीला त्याला डाखाऊला हलवलं.

युद्ध हरलं हे दिसू लागल्यावर हा साक्षीदार निरुपयोगी झाला. बर्लिनहून आदेश आला की त्याला संपवावं आणि हवाई हल्ल्यात गेल्याचं जाहीर करावं. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला गोळी घालून मारलं आणि मृतदेह छावणीतच जाळला. वीस दिवसांनी अमेरिकन सैन्य डाखाऊत पोचलं.

त्यामुळं एल्सरला थडगं नाही. त्याच्या आठवणीला जागा हवी असेल तर ती रस्त्यावरच द्यावी लागणार होती.

मग ५० वर्षं का लागली?

युद्धानंतर एल्सरबद्दल अफवा पसरली की तो नाझींचाच माणूस होता आणि हिटलर दैवानं वाचतो हे दाखवायला हल्ल्याचं नाटक रचलं होतं. छावणीत राहून आलेल्या मार्टिन नीम्योलर या प्रसिद्ध धर्मगुरूंनीही १९४६ मध्ये असंच सांगितलं. हॉलंडच्या सीमेवरून पळवलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांपैकी एकानं, पेन बेस्टनं, आठवणींच्या पुस्तकात त्याच धर्तीवर लिहिलं. बदनामी खोडायला एल्सर जिवंत नव्हता. त्याच्यामागं ना पक्ष होता, ना लष्कर, ना विद्यापीठ.

२० जुलै १९४४ चा हिटलरवरचा हल्ला करणारा कर्नल श्टाउफेनबेर्ग याच्या नावानं बर्लिनमध्ये १९५५ मध्येच रस्ता झाला. म्युनिक विद्यापीठात पत्रकं वाटल्याबद्दल मारले गेलेले शोल भाऊबहीण, त्यांच्या नावाचा चौक शहरात आहे, आणि विद्यापीठासमोरच्या फरसबंदीत त्यांची पत्रकं दगडासारखी बसवलेली आहेत. एल्सरच्या वाट्याला काहीच नव्हतं.

१९६० च्या दशकात बर्लिनमधल्या गेस्टापो चौकशीचं दोनशेहून जास्त पानांचं टिपण सापडलं. इतिहासकार अँटोन होख यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की एल्सर खरंच एकटा होता. १९७० मध्ये ते टिपण छापलं गेलं. अफवेला आता आधार उरला नव्हता.

तरीही शांतता होतीच, आणि तिचं कारण कागदपत्रांत नव्हतं. आम्हाला काय माहीत होतं, आमच्या हातात काय होतं, असं म्हणत एक अख्खी पिढी उभी होती. एल्सर त्या पिढीची मोठी अडचण होता. सेनापतींना १९४४ पर्यंत जे करवलं नाही, ते एका सुतारानं १९३८ मध्येच ठरवलं होतं, आणि तेही मजुरीची पावती आणि कारखान्यातला माल बघून. त्याचं नाव चौकात लावायचं म्हणजे रोज त्या सबबीसमोरून जायचं.

हळूहळू रस्त्यावर

पहिला साधा दगड १९७० च्या दशकात हायडेनहाइमच्या श्नाइटहाइम भागात बसला. म्युनिकमध्ये ब्युर्गरब्रॉयकेलर १९७९ मध्ये पाडला गेला. स्फोटाला ५० वर्षं झाली तेव्हा, १९८९ मध्ये, जिथं तो खांब होता त्या जागी फुटपाथमध्ये एक पाटी बसवली गेली. ती उभी नाही. बघायची तर मान खाली घालावी लागते.

१९९७ मध्ये ट्युर्केनस्ट्रासजवळच्या छोट्या चौकाला त्याचं नाव मिळालं. २००९ मध्ये कलाकार सिल्के वाग्नर यांनी तिथल्या शाळेच्या भिंतीवर ती एका मिनिटाची तारीख लावली. २०११ मध्ये बर्लिनच्या विल्हेल्मस्ट्रासवर, हिटलरचं मुख्यालय होतं त्या परिसरात, १७ मीटर उंच पोलादी पट्टीतून एल्सरच्या चेहऱ्याची कड उभी राहिली. त्या सगळ्या इमारती गेल्या, सुताराचा चेहरा तिथं आला.

त्या मागच्या बोळाचंही असंच झालं. सलाम टाळणाऱ्यांची नावं कुठंच नोंदलेली नाहीत. १९९५ मध्ये कलाकार ब्रुनो वांक यांनी व्हिस्कार्डिगासेच्या दगडांमध्ये ब्राँझची एक वाट बसवली. नाव नाही, मजकूर नाही. लोक जिथून वळून जायचे, तिथून ती जाते.

पायाखाली की भिंतीवर?

रस्त्यावरची स्मारकं म्हटलं की वादही आलाच. जर्मन कलाकार गुंटर डेमनिग यांनी १९९० च्या दशकात अडखळायचे दगड म्हणून ओळखली जाणारी चौकोनी पितळी पाटी सुरू केली. नाझींनी छळलेला माणूस जिथं अखेरचा स्वतःच्या मर्जीनं राहत होता, त्या घरापुढच्या फुटपाथमध्ये ती बसते. २०२३ मध्ये अशा पाट्यांनी १ लाखाचा आकडा गाठला.

पण म्युनिकनं २००४ मध्ये सार्वजनिक जागेवर त्यांना मनाई केली आणि २०१५ मध्ये ती कायम ठेवली. आधी माणसं तुडवली, आता त्यांची नावंही पायाखाली नकोत, असं शहरातल्या ज्यू समाजाच्या नेतृत्वाचं म्हणणं होतं. नाव वाचायला वाकावं लागतं आणि तोच मान आहे, असं समर्थक म्हणतात. २०१८ पासून शहरानं घरांच्या भिंतींवर आणि खांबांवर पाट्या लावायला सुरुवात केली.

एल्सरबाबत आणखी एक प्रश्न आहे. त्याच्या बाँबनं त्या वेट्रेसचाही जीव घेतला, जिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. निरपराध माणूस मरू शकतो हे माहीत असून असा हल्ला करावा का, यावर जर्मनीत १९९९ मध्ये मोठा वाद झाला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. दुसऱ्या बाजूला ज्या युद्धाला तो थांबवू पाहत होता, त्यानं कोट्यवधी माणसं गिळली. कुठलीही पाटी हा हिशोब सोडवत नाही. पण पाटी असली की निदान तो विचारला जातो. पाटी नव्हती तेव्हा कुणी विचारतही नव्हतं.

क्योनिग्सब्रॉन, ज्या गावाला एल्सरपायी टोमणे खावे लागले, तिथं १९९८ मध्ये त्याचं स्मृतिदालन उघडलं. २०१० मध्ये गावकऱ्यांसमोर आणखी एक गोष्ट आली. रेल्वे स्टेशनवर दोन मीटरपेक्षा उंच पोलादी एल्सर उभा राहिला. एकेकाळी त्या गावातल्या लोकांना आपण कुठले हे सांगायला भीती वाटायची. आता गाडीतून उतरणाऱ्याला आधी तोच भेटतो.